डावीकडच्या सीटवरचे मास्तर

माणूस घराबाहेर पडतो तो पायांनी नव्हे, नियोजनाने. आणि ज्याचं नियोजन पक्कं, त्याला पृथ्वीच्या पाठीवरचा कुठलाही रस्ता परका नाही, असं मास्तरांनी चष्मेवाल्याच्या दुकानात जाहीर केलं. एवढं जोरदार वाक्य बोलून झालं की दोन पावलं ऐटीत चालायची त्यांची सवय. ते वळले, चालले आणि दुकानाच्या काचेच्या दारावर जाऊन आदळले.

"नंबर तपासून देऊ?" चष्मेवाल्याने काउंटरमागून विचारलं. "मित्र म्हणून."

"दार ढकलायचं की ओढायचं ते लिहून ठेव आधी."

"लिहिलंय. म्हणून तर विचारतोय."

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. गावात जेवढे लोक चारचाकी चालवत होते त्यातले निम्मे त्यांच्या हाताखालून गेले होते आणि उरलेले निम्मे, मास्तरांच्या मते, अंदाजपंचे चालवत होते. त्यांच्या शिव्या खाल्ल्याशिवाय इथे कुणाला लायसन्स मिळालं नव्हतं. दोन डॉक्टर, एक न्यायाधीश आणि खुद्द चष्मेवाला त्यांच्याकडून गाढव म्हणवून घेऊन मगच मार्गाला लागले होते. आता मास्तर निवृत्त होते. शाळेची गाडी त्यांनी विकून टाकली होती, शिव्या मात्र तशाच घरात पडून होत्या.

नियोजन होतं ते रविवारचं. डोंगरापलीकडच्या गावात त्यांची लेक राहत होती. सकाळी निघालं तर जेवणाआधी पोचावं आणि दिवे लागेपर्यंत परत यावं, एवढंच अंतर. लेक तिथे गाडी शिकवायची स्वतःची शाळा उघडत होती. तिने फोनवर सांगितलं होतं, "बाबा, फीत मी कापेन. पण मैदानात पहिली गाडी तुम्ही फिरवायची. मी लोकांना सांगून बसलेय, ज्यांनी मला शिकवलं ते स्वतः येणारेत म्हणून. पाच-सहा बायका तर तेवढं बघून नाव घालणार आहेत. त्यांना आधी नवऱ्यांनी शिकवायला घेतलं होतं, त्यामुळे आता त्यांचा कुणावरच विश्वास नाही."

"त्यात काय!" मास्तर म्हणाले होते. "एक सोडून दोन चकरा मारतो."

आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ बंद पंख्याकडे बघत बसले होते.

कारण असं की, मास्तरांना गाडी चालवता येत नव्हती. म्हणजे तरुणपणी येत होती. त्याशिवाय का शाळा काढली? पण त्यानंतरचा सगळा जन्म डावीकडच्या सीटवर गेला. त्या सीटपुढे एक जादा ब्रेक आणि एक जादा क्लच बसवलेला असतो. तोंड आपलं आपण आणायचं असतं. सकाळचा पहिला शिकाऊ गाडी घ्यायला दारात यायचा, संध्याकाळचा शेवटचा शिकाऊ मास्तरांना दारात सोडून चालत घरी जायचा. मधे स्टिअरिंगला हात लावायची वेळच आली नाही. गावाला हे माहीत नव्हतं, कारण गावाने कधी विचारलं नव्हतं; आणि न विचारलेलं सांगायला मास्तर काही दूधखुळे नव्हते.

आता रविवारी गाडी चारचौघांत गचके खाऊन बंद पडली असती, तर मास्तरांची अब्रू गेली असती, त्याचं एवढं नाही. ती अलीकडे वापरात नव्हती. पण लेकीची शाळा उघडायच्या आधीच बुडाली असती, आणि तिने नोकरी सोडून त्या शाळेत जीव ओतला होता.

म्हणून नियोजन. मास्तरांनी चष्म्याच्या दोन फ्रेमी काउंटरच्या दोन टोकांना ठेवल्या. सोनेरी काडीची ती आपलं गाव, काळी जाड ती लेकीचं गाव. मधे चष्म्याचं घर उपडं घातलं, तो डोंगर. काच पुसायचं फडकं लांब करून अंथरलं, ती नदी.

"हा पूल," मास्तर फडक्यावर पेन ठेवत म्हणाले. "पूल अरुंद आहे. समोरून ट्रक आला तर?"

"तर आपण थांबायचं."

"आणि मागूनही आला तर?"

"तर दोघांच्या मधे थांबायचं," चष्मेवाला म्हणाला. "अरे मास्तर, लोक रोज जातात या रस्त्याने. भाजीवाले जातात. परवा एक म्हैस आली चालत तिकडून."

"म्हशीचं नियोजन नव्हतं, म्हणून तिला चालत यावं लागलं. आता नीट ऐक. रेल्वेचं फाटक लागायच्या आधी चहा घ्यायचा. म्हणजे फाटक बंद असलं तरी चिडचिड होत नाही. घाटात शिरायच्या आधी बोलणं बंद. घाट उतरला की बोलणं सुरू. जेवण लेकीकडे, आणि पोटभर जेवायचं नाही, नाहीतर परत येताना ड्रायव्हर पेंगतो."

"ड्रायव्हर कोण?"

"तू," मास्तर म्हणाले. "गाडी तुझी आहे ना?"

मास्तरांच्या नियोजनाचा पाया हा होता. मैदानातल्या चकरेचं त्यांनी अजून काही ठरवलं नव्हतं. मोठ्या नियोजनात एखादी बाब शेवटासाठी राखून ठेवावी लागते.

चष्मेवाल्याने डोळ्यांवरचा काळा चष्मा काढला आणि परत घातला. "माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय सोमवारी. डॉक्टरांनी गाडीला हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय. आठवडाभर काळा चष्मा घालून फिरतोय, तुला वाटलं काय?"

"मला वाटलं धंद्याची जाहिरात."

"गाडी ने की तू! मी मागे बसतो. इतकी वर्षं तुझ्या शिव्या खाल्ल्या, एकदा तुझ्या हातची गाडी तरी बघू दे."

"ने की, म्हणजे काय!" मास्तर म्हणाले. "नेणारच." त्यांनी डोंगर उचलून सुलटा केला, नदीची घडी घातली आणि या खेपेला दार ओढून बाहेर पडले.

घरी बाई शिवणयंत्रावर बसल्या होत्या. बाई म्हणजे मास्तरांच्या सौभाग्यवती. गावभरच्या पडद्यांना आणि शाळेच्या गणवेशांना त्यांच्याच हातची शिवण होती. मास्तरांनी त्यांना सगळं सांगितलं. पूल, फाटक, घाट, चष्मेवाल्याचा डोळा. स्वतःचं तेवढं सांगितलं नाही, कारण ते बाईंना पहिल्यापासून माहीत होतं. संसारात एवढं तरी कळतंच.

"मी चालवते," बाई म्हणाल्या. दोरा दातांनी तोडला.

"तू?"

"लायसन्स आहे माझ्याकडे. तुम्हीच शिकवलंत."

"त्याला किती वर्षं झाली! तेव्हापासून कधी चालवलीस?"

"तुम्ही कधी चालवलीत?"

मास्तर खुर्चीत बसले. "मी शेजारी होतो गं तेव्हा. ब्रेक माझ्या पायाखाली होता."

"मग आताही शेजारी बसा. कोण नको म्हणतंय?"

"चष्मेवाल्याच्या गाडीला डावीकडे ब्रेक नाही."

"तोंड आहे ना तुमचं?" बाई म्हणाल्या. "माझ्या वेळी ब्रेकपेक्षा तेच जास्त लागलं होतं. मला म्हणाला होतात, तू चालवायला लागलीस की जीव मुठीत धरावा लागतो. मी म्हटलं, बरं. ते राहिलंच मग."

"असं म्हणालो होतो मी?"

"घरी येऊन पुन्हाही म्हणालात. जाऊ दे. उद्या संध्याकाळी चष्मेवाल्यांकडून किल्ली आणा, दूध डेअरीच्या मागचा रस्ता मोकळा असतो. आणि हा पडदा धरा जरा त्या टोकाला."

शनिवारी संध्याकाळी डेअरीमागच्या रस्त्यावर जे झालं ते बघायला तिथे दोन कुत्री होती. पहिल्यांदा गाडी बंद पडली तेव्हा ती उठली. पुढे पुढे त्यांनी नाद सोडला. अंधार पडायच्या आत बाईंचा हात बसला. मास्तरांचाही बसला, म्हणजे डावीकडचा. त्यांनी एकदा उजवीकडे बसून बघतो म्हटलं, बसले, समोर बघितलं, आणि "आज नको, उजेड कमी आहे" असं म्हणून उतरले. सूर्य तेव्हा चांगला कासराभर वर होता.

रविवारी सकाळी चष्मेवाला मागच्या सीटवर ऐसपैस बसला, काळा चष्मा, मांडीवर पाण्याची बाटली. मास्तर रुबाबात आले, सवयीने डावीकडचं दार उघडलं आणि बसले. बाई उजवीकडे बसल्या.

"वहिनी?" चष्मेवाला म्हणाला. "अरे मास्तर, हे काय?"

"नियोजन," मास्तर म्हणाले. "चला. आरसा. हाताचा ब्रेक सोड. क्लच पूर्ण. पूर्ण म्हणजे पूर्ण, पाहुण्यासारखा नाही!"

गाडी निघाली. फाटकाआधी चहा झाला. फाटक उघडंच होतं. त्यामुळे मास्तर थोडे नाराज झाले. पुलावर समोरून ट्रक आला. मास्तरांनी दोन्ही पाय असे काही जमिनीवर दाबले की चष्मेवाल्याच्या गाडीचं पायपुसणं गोळा होऊन सीटखाली गेलं. गाडी थांबली ती बाईंनी थांबवली म्हणून. पण मास्तरांनी सुस्कारा असा सोडला, जणू ट्रक त्यांनीच अडवला. घाटात ठरल्याप्रमाणे कुणी बोललं नाही, फक्त मास्तर बोलले. "डावीकडे. अजून. शाब्बास. गाढ..." इथे त्यांनी बाईंकडे बघितलं, "...गाडी चांगली आहे हो, चष्मेवाले."

घाट उतरला तेव्हा बाई आपल्याशीच काहीतरी गुणगुणत होत्या. मास्तरांना नवल वाटलं. एवढ्या वर्षांत शेजारच्या सीटवर कुणी गुणगुणलेलं त्यांना आठवत नव्हतं. लोक तिथे बसून घाम पुसायचे.

"जीव मुठीत आहे का?" बाईंनी विचारलं.

"नाही," मास्तर म्हणाले. "खिशात ठेवलाय."

लेकीचं मैदान म्हणजे एका बंद पडलेल्या गिरणीचं मागचं अंगण. चुन्याच्या रेघा, रबरी शंकू, एक टेबल, खुर्च्या. त्या पाच-सहा बायका पुढच्या रांगेत हाताची घडी घालून बसल्या होत्या. त्यांचे नवरे मागे उभे होते, आणि काही चुकलं तर सांगायला तयार होते. मधोमध नवी कोरी शाळेची गाडी, डोक्यावर पाटी. लेकीने फीत कापली, आई-बापाला मिठी मारली आणि मोठ्याने म्हणाली, "आता बाबा पहिली चक्कर मारतील."

मास्तर पुढे झाले. पाय आपोआप डावीकडच्या दाराकडे गेले.

"बाबा, तिकडून नाही. इकडून."

पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीच्या कानाला लागली. येताना गाडी बायकोच्या हाती देता आली, पण मैदानात तिला बसवता येत नव्हतं. बोलावलं होतं मास्तरांना. राखून ठेवलेली बाब आता शिल्लक उरली होती, आणि तिचं काहीही ठरलेलं नव्हतं.

मास्तर गाडीला वळसा घालून उजवीकडे गेले आणि बसले. लेक डावीकडे बसली. तिने हात घालून त्यांचा पट्टा लावला. बापाच्या गुडघ्याकडे तिची नजर गेली, तो थरथरत होता. मग ती ओठ न हलवता म्हणाली, "बाबा. कधीपासून?"

"तुझ्या जन्माच्या आधीपासून," मास्तरही तसेच म्हणाले.

"आईला माहितीय?"

"आईच आलीय चालवत."

लेकीला हसू आलं. तिने ते खोकल्यात दडपलं. मग सरळ बसली आणि तिचा आवाजच बदलला. "समोर बघा. मांडीकडे बघून रस्ता दिसत नाही. क्लच दाबा. पहिला. हळू! गिअर आहे तो, हापसा नाही!"

हे वाक्य मास्तरांचंच होतं. निम्म्या गावाने ते ऐकलं होतं, मास्तरांनी आज पहिल्यांदाच ऐकलं. फार लागलं. पण लागल्यावर पाय थरथरायचा थांबला. एवढं झोंबल्यावर माणसाला घाबरायला सवड राहत नाही.

गाडी हलली. शंकूंच्या मधून, चुन्याच्या रेघेला धरून, मिरवणुकीतल्या हत्तीच्या चालीने ती निघाली. दुसऱ्या वळणावर मास्तरांनी खांदे सैल सोडले. तिसऱ्या वळणावर दुसरा गिअर आपणहून टाकला, आणि लेक म्हणाली, "बरं जमलं." एवढीच शाबासकी ते स्वतः द्यायचे, त्याच्यावर कधी नाही.

"किती शांत चालवतात बघ," पुढच्या रांगेतली बाई मागे वळून नवऱ्याला म्हणाली. "जराही घाई नाही."

गाडी टेबलापाशी येऊन थांबली. एक शंकूही पडला नव्हता. टाळ्या झाल्या. बाईंनी डोळ्याला पदर लावला. चष्मेवाल्याला डोळ्याला काही लावायची डॉक्टरांनी बंदी केली होती, म्हणून तो नुसताच नाक ओढत राहिला. त्या सगळ्या जणी उठून टेबलाकडे नाव घालायला निघाल्या, आणि सगळे जण हात मिळवायला गाडीपाशी जमले.

मास्तर उतरले नाहीत. त्यांनी काच खाली केली आणि बसल्या जागेवरून बोलायला सुरुवात केली. रस्ता कुणाच्या बापाचा नसतो, पण प्रत्येकाला तो बापासारखा जपतो, असं ते म्हणाले. वेग हा गर्विष्ठ माणसाचा आणि ब्रेक हा शहाण्या माणसाचा दागिना, असंही म्हणाले. लोक ऐकत होते. मास्तरांचा उजवा हात त्या सगळ्या वेळात उजव्या कमरेशी काहीतरी चाचपत होता, जिथे डावीकडच्या सीटवर खटका असतो. भाषण लांबत चाललं. पृथ्वी, मानव आणि चाक इथपर्यंत पोचलं. मागचे नवरेसुद्धा गंभीर झाले.

मग मास्तरांनी लोकांकडे बघून सावकाश हसत मान डोलावली, आणि लेकीकडे किंचित झुकले.

"बाळ," ते हळूच म्हणाले, "तेवढा पट्टा सोडव गं."