घुबडछाप

"रोहिदासराव, बसा की जरा. मुंग्या चावत्यात व्हय?" मारुतरावांनी शेजारची खुर्ची थोपटली.

रोहिदास बसला आणि लगेच उठला. चिंचवडच्या या मंगल कार्यालयात दर तीन महिन्यांनी छंदवाल्यांचा अदलाबदलीचा मेळा भरे. कुणी नाणी आणी, कुणी तिकिटं. हे दोघे काडेपेटीवरच्या छापांचे. आज रोहिदासच्या खिशात घुबडछाप होती आणि त्याचा जीव नुसता वरखाली होत होता.

पुनावळ्यात मारुतरावांच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. तिथे विक्रीला आलेली एकूण एक छाप मारुतरावांनी आल्बमात जमवली होती, तेवढी घुबडाची जागा रिकामी. घुबडाच्या पेटीने देवापुढचा दिवा कोण लावणार? पेट्या खपल्याच नाहीत, तशाच कंपनीला परत गेल्या, मग छाप कुठून मिळणार! "ती घावली की सुटलो बघा," मारुतराव दरवेळी म्हणत. "मग कशाला येतोय हितं गुडघं दुखवायला?"

नेमकं हेच रोहिदासला सलत होतं. बीड सोडून तो निघोज्याच्या कंपनीत राबत होता. सुपरवायझरला तो 'ए बीड' होता, आणि बायकोच्या, वर्षालीच्या, लेखी त्याचा छंद म्हणजे घरातला कचरा. त्याला 'रोहिदासराव' म्हणणारा माणूस या अख्ख्या पट्ट्यात एकच. छाप द्यावी तर हा माणूस जाणार, न द्यावी तर त्याच्याशीच दगाबाजी.

चहा आला, तसाच गार झाला. लोक टेबलं आवरू लागले. मारुतरावांनी पिशवी उचलली तेव्हा मात्र त्याला राहवेना.

"थांबा काका. हे घ्या. मामाच्या माळ्यावर अख्खी पेटीच सापडली. मी सोता काढली छाप."

मारुतरावांनी चष्मा पुसला. छाप उजेडात धरली, पालथी केली, कडेवरून अंगठा फिरवला. त्या घुबडाकडे बघता बघता त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी छाप पुन्हा पाकिटात सरकवली आणि रोहिदासच्या खिशात घातली.

"नक्कल हाय."

"अहो काका, पेटीवरूनच काढली की मी!"

"तुमाला जास्त कळतंय का मला? नक्कल हाय." त्यांचा हात खिशावर तसाच होता. "शोधत ऱ्हावा. पुढच्या मेळ्याला बगू."

पिशवी खाली ठेवून त्यांनी चहावाल्याला हाक मारली. रोहिदास शेजारच्या खुर्चीवर बसला. या वेळी तो उठला नाही.