काय लागलं?

जिनिंगने गफ्फारभाईचे कान खाल्ले हे आमच्या पांढरकवड्यात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त मालकाला नव्हतं. सरकी काढणाऱ्या मशिनींच्या गोंगाटात त्याचं उभं आयुष्य फिटर म्हणून गेलं. मग कापसाचे वाईट दिवस आले, गाड्या यायच्या बंद झाल्या, जिनिंगला कुलूप लागलं आणि गफ्फारभाई घरी बसला. तोवर समोरच्याचे ओठ पाहिले तरच त्याला बोलणं कळायचं.

अशा माणसाला नाद लागावा तो कशाचा? तर रेडिओचा. घरोघरी टीव्ही आणि मोबाइल आले होते, लोक रेडिओ भंगारात फेकत होते. गफ्फारभाई बाजाराच्या दिवशी कबाड्याकडून असले मेलेले सेट उचलून आणायचा, ओसरीत बसून खोलायचा, एकाचा भाग दुसऱ्यात बसवायचा. पैसे घ्यायचा नाही. सेट बोलायला लागला की कोणाला तरी देऊन टाकायचा आणि दिवसभर खुशीत असायचा. मी भिंतीपलीकडची शेजारीण, मला आधी हसू यायचं. हसायला माझं काय जात होतं?

तपासायची त्याची रीत त्याचीच. मागचं झाकण काढून स्पीकरच्या कागदावर बोट टेकवायचं. कागद थरथरला की त्याचा चेहरा उजळायचा आणि तो बायकोकडे, जुबैदाभाभीकडे बघून विचारायचा, “काय लागलं?” बातम्या की गाणं, एवढंच त्याला हवं असायचं. भाभी खरं काय ते सांगायची.

पण रेडिओ नुसता घरघरला तरी कागद थरथरतोच. थोडंफार ऐकू यायचं तेव्हा गफ्फारभाईला फरक कळायचा; पुढे तेही गेलं, आणि बोटाला तो कळत नव्हता. एकदा भाभीने सांगितलं की काही लागलं नाही, नुसती घरघर आहे. त्याने सेट परत खोलला, परत जोडला. परत घरघर. त्या दिवशी तो जेवला नाही. पेचकस हातात धरून लहान पोरासारखा रडला.

“कान गेले ते गेले,” तो म्हणाला, “आता माहे हातबी गेले का?”

तेव्हापासून भाभी घरघरीलाही गाणं म्हणू लागली. तिच्या जागी मी असते तरी हेच केलं असतं, म्हणून तिला कोणी नावं ठेवू नयेत. ते मुके रेडिओ सलूनमध्ये, किराणा दुकानात खुंटीला लटकत राहिले. गफ्फारभाईला वाईट वाटेल म्हणून कोणी त्याच्यासमोर चकार शब्द काढला नाही. लोक त्याला मानायचे, आणि तेच नडलं.

केळापूरकडचे नानाजी जिनिंगला कापूस आणायचे, तेव्हापासूनची त्यांची दोस्ती. त्यांच्या बायकोला, बेबीताईंना, लकवा मारला होता. वाचा गेली होती, हात एकच हलायचा. नानाजी शेतात गेले की त्या एकट्याच छताकडे बघत पडून असायच्या. त्यांना सोबत म्हणून नानाजींनी गोठ्यात टाकलेला जुना रेडिओ शोधून गफ्फारभाईकडे आणला. गफ्फारभाईने त्यात जीव ओतला. काय लागलं म्हणून विचारलं, तेव्हा भाभी सवयीने गाणं म्हणून गेली. नानाजी सेट न्यायला आले ते एसटीच्या घाईत. दुपट्ट्यात गुंडाळला आणि निघाले. त्यांना दारात थांबवावं असं भाभीला फार वाटलं, पण गफ्फारभाई शेजारीच उभा होता आणि कित्येक दिवसांत तो तसा हसला नव्हता.

पुढे एकदा तो बेबीताईंना भेटायला गेला. पाहुण्याचा मान म्हणून नानाजींनी उशाशी ठेवलेला रेडिओ मुद्दाम सुरू केला. गफ्फारभाईने मागचं झाकण काढून बोट टेकवलं. कागद छान थरथरत होता. तो हसून बेबीताईंकडे बघायला लागला. बेबीताईंनी डोळे घट्ट मिटले होते आणि चांगला हात कसाबसा उचलून कानावर दाबून धरला होता. नानाजींनी घाईने बटण फिरवलं. “लई गोड वाजते, गफ्फारभाई,” असं त्यांचे ओठ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भाभी पाट्यावर मसाला वाटत होती. गफ्फारभाईने एक सेट मांडीवर घेतला, कागदावर बोट टेकवलं आणि रोजच्यासारखं विचारलं, “काय लागलं?”

भाभीने मान वर केली. “गाणं,” ती म्हणाली. “जुनं हाये. मस्त लागलं.”

गफ्फारभाईने दुसरी मूठ उघडली. रेडिओचे सेल त्याच्या हातात होते.

तो चिडला असता तर बरं झालं असतं, असं भाभी मला नंतर म्हणाली. त्याने फक्त विचारलं, नानाजीला दिलेला सेटही असाच का. भाभीने हो म्हणून मान हलवली.

“बेबीताईनं कान झाकला होता,” तो म्हणाला. “अन् मी तिच्याकडे पाहून हासून राह्यलो होतो.”

मग त्याने सगळे सेट, तारा, पेचकस पोत्यात भरले, पोतं कबाड्याच्या दारात टाकून आला आणि भिंतीकडे तोंड करून निजला. भाभी हाका मारत राहिली. आधीचे कितीतरी सेट खरंच वाजले होते, चहाच्या टपरीवरचा तर अजूनही वाजतो, हे तिला सांगायचं होतं. पण ओठ दिसल्याशिवाय त्याला काही कळत नाही, आणि तो वळलाच नाही. वळला असता तरी आता तिच्या शब्दावर त्याने विश्वास का ठेवावा?

अजूनही तो तसाच पडून असतो. ताट त्याच्या पाठीमागे ठेवावं लागतं. भाभी रोज त्या पाठीशी बोलते, रडते, परत पहिल्यापासून सांगते. मी भिंतीपलीकडून सगळं ऐकते.