निळ्या रेघेचा फुगवटा

नकाशाचा खालचा कोपरा पुन्हा सुटून गुंडाळला गेला, तेव्हा मुलीने चिकटपट्टी दातांनी तोडली आणि तो भिंतीला पक्का डकवला. चौथ्या रांगेतल्या आईला हसू आलं. एवढी शिकली, साहेबीण झाली, पण दातांनी तोडायची खोड काही गेली नाही. खोड मूळची आईचीच. शिडं शिवताना दोरा तोडायला कात्री शोधत कोण बसतो?

सुनावणी किनाऱ्याच्या नव्या आराखड्याची होती. निळ्या रेघेच्या समुद्राकडच्या बाजूला येतील ती घरं हलवायची, बाकीची राहू द्यायची. रेघ आखणाऱ्या कचेरीत मुलगी होती, म्हणून गल्लीने आईशी अबोला धरला होता.

"तुम्हाला कसला घोर?" मागून भोंगाकाका म्हणाले. होड्यांची इंजिनं दुरुस्त करता करता त्यांचा आवाज इतका चढला होता, की त्यांची कुजबुजही अख्ख्या सभागृहाला ऐकू जायची. "रेघ घरच्याच हातची."



मुलीने काठी रेघेवरून फिरवली. गल्लीतली सगळी घरं पाण्याच्या बाजूला टाकत रेघ सरळ आली. टोकाला मात्र ती आत, जमिनीकडे फुगली आणि आईच्या घराच्या मागून वळून गेली.

"म्हणजे, तुमचंही?" भोंगाकाकांचा सूरच उतरला.

बघता बघता सभेतला ताण सैल झाला. नवी जागा कुठे देणार, धक्क्यापासून किती लांब, असं लोक नीट विचारू लागले. आई मात्र त्या फुगवट्याकडेच बघत राहिली.

तिचं घर काळ्या खडकावर होतं. मोठ्या वादळात सगळी गल्ली पोराबाळांसकट तिथेच, शिडांच्या ढिगावर झोपली होती आणि उंबऱ्याला थेंब लागला नव्हता. तेव्हा सगळ्यांना पांघरायला कापड वाटत फिरली ती हीच मुलगी. तिला खडक ठाऊक नव्हता असं कसं म्हणायचं? आपल्यावर कुणी बोट ठेवू नये म्हणून पोरीने आपल्याच घरावर पाणी सोडलं होतं.

आईचं नाव पुकारलं गेलं. माइकसमोर उभी राहून तिने उगाचच त्याची वायर सरळ केली. खरं बोलावं तर पोर भरसभेत तोंडघशी पडणार, गप्प राहावं तर घर जाणार. मुलगी काठीच्या टोकाकडे बघत होती.

"माझी काही हरकत नाही," आई म्हणाली आणि जागेवर येऊन बसली.

"माझी आहे!" भोंगाकाका उठले. माइकपर्यंत जायची त्यांना गरजच नव्हती. "इथे रेघ चुकलीय. यांचं घर खडकावर आहे. आमची हलवायची तर हलवा, पण तोवर वादळ आलं तर पोरंबाळं घेऊन आम्ही जायचं कुठे?"

सगळी गल्ली 'बरोबर आहे' म्हणाली. अध्यक्षांनी मुलीकडे पाहिलं.

"पुन्हा मोजते," ती कशीबशी म्हणाली.

सभा संपल्यावर पायऱ्यांवर ती नकाशा गुंडाळत होती. आईने दुसरं टोक धरलं.

"लहानपणी पाहुणे आले की तू सगळ्यात छोटा तुकडा मलाच वाढायचीस," आई म्हणाली.

"मग आज बोलली का नाहीस?"

"तू वाढलेलं मी कधी टाकलंय?"