माप बरोबर, तरी मी बुडतोय

मी बोलतोय तो पेट्रोलात मानेपर्यंत बुडून. त्यामुळे आवाज जरा गुदमरलेला येईल, चालवून घ्या.

मी एक फ्लोट. पितळेचा, पोकळ, लिंबाएवढा. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत चेंडू असतो ना, टाकी भरली की वर येऊन नळ बंद करणारा, तसाच मी. फक्त टाकीच्या जागी कार्ब्युरेटरची वाटी आणि पाण्याच्या जागी पेट्रोल. वाटी भरत आली की मी वर येतो, माझी जीभ, म्हणजे पाठीवरची पितळी पट्टी, वरच्या सुईला दाबते आणि पेट्रोल थांबतं. जन्मभर एवढंच काम. शेजारच्या कार्ब्युरेटरमध्ये माझा जुळा भाऊ हेच करतो. त्याच्याबद्दल मला फार बोलायला लावू नका.

आमचे मालक घड्याळजी. दुकान कायमचं बंद केल्यावर हात शिवशिवायला लागले, म्हणून त्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं धूळ खात पडलेली ही जुनी गाडी काढली. दोन्ही कार्ब्युरेटर खोलले, नव्या सुया घातल्या, नवी गॅस्केटं बसवली. मला तर दाढीच्या ब्रशने घासलं.

"अहो, नवा ब्रश आहे तो!" बायको ओरडली.

"म्हणूनच तर घेतला," घड्याळजी म्हणाले.

गाडी सुरू झाली आणि माझ्या बाजूने पेट्रोल गळू लागलं. इथून माझे भोग सुरू झाले.

घड्याळजींनी वाटीचं झाकण काढलं (मी त्यालाच लटकलेला असतो), उलटं धरलं, माझ्या आणि झाकणाच्या फटीत नेमक्या जाडीची ड्रिलची दांडी सरकवून माप बघितलं. माप बरोबर! तरी पक्कड घेऊन जीभ जराशी वाकवलीच. पुन्हा गळती. पुन्हा पक्कड. मग सुयांची अदलाबदल झाली, भावाची मला, माझी भावाला. भाऊ तसाच शहाणा, मी तसाच गळका.

"त्या दुसऱ्याकडून शिक काहीतरी!" घड्याळजी माझ्यावर खेकसले.

अहो, माझ्या सांध्याला केसाएवढी चीर गेलीय! तिच्यातून पेट्रोल आत शिरतं, मी जड होतो आणि बुडतो. झाकण उलटं धरल्यावर मी नुसता सुईवर टेकतो; मग जड काय नि हलकं काय, माप तेच यायचं. पण सांगणार कसं? जीभ दिलीय ती वाकवायला, बोलायला नाही.

एका सकाळी ते बायकोला घेऊन फिरायला निघाले. चढावर मी तळ गाठला. वाटी भरून वाहिली, पेट्रोल तापलेल्या नळीवर ठिबकलं आणि बॉनेटच्या फटीतून धूर आला, पाठोपाठ जाळ. घड्याळजींनी इंजिन बंद करून अंगातला कोट जाळावर दाबला. जाळ विझला. बायको रस्त्याच्या कडेला अनवाणी उभी होती, चपला गाडीतच राहिलेल्या.

"आज जीवच गेला असता माझा!" ती म्हणाली. आणि घरी आल्यावर म्हणाली, "मी यात पुन्हा पाय ठेवायची नाही."

"बाबा, भंगारात द्या आता," लेक म्हणाली.

घड्याळजींनी मला पुन्हा खोलून काढलं. जेवणाच्या टेबलावर ठेवून नुसते बघत बसले. माणूस असा बसला की पक्कड परवडली.

बायको ताटं घेऊन आली. "हे आधी उचला इथून," म्हणत तिने रागाने मलाच उचललं आणि थबकली. नारळ घेताना हलवतात तसं कानाशी धरून हलवलं.

"अहो, यात काहीतरी डचमळतंय."

घड्याळजींनी मला कानाशी नेलं. त्यांचा चेहरा उतरला. "इतक्यांदा मोजलं गं याला. एकदाही ऐकलं नाही."

मग अंगणात गरम पाण्याच्या भांड्यात मला बुडवलं. चिरेतून बुडबुडे निघाले. छोटं भोक पाडून आतलं पेट्रोल काढलं, उन्हात मला खडखडीत वाळवलं आणि मगच चीर आणि भोक कथलाचा डाग देऊन बुजवलं. डागामुळे वजन किंचित वाढलं, म्हणून माप नव्याने लावलं. ते रास्तच होतं.

घड्याळजी एकटेच पुष्कळ फिरले. एक थेंब गळला नाही. शेवटी ते बायकोला म्हणाले, "एकदा येतेस?" ती बराच वेळ घुटमळली. मग पिशवी घेऊन बाहेर आली, तर बॉनेट उघडं!

"बाबा, आता कशाला? चांगली चालतेय की," लेक म्हणाली.

"चालतेय गं. पण आज तुझी आई बसतेय."

त्यांनी मला हलवून ऐकलं, माप बघितलं. पक्कड जिभेपर्यंत आली, थांबली आणि खिशात गेली. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

चढ आला. बायको काच उघडी ठेवून, दाराची कडी धरून बसली होती. तिने नाक वर करून बराच वेळ वास घेतला. आणि वारा लागतोय म्हणून काच वर केली.

मी आहे माझ्या वाटीत. आमच्यापैकी कोणी बुडायला लागला तर आधी कानाशी धरा, पक्कड नंतर. येतो, वाटी भरत आलीय.