उशाची बॅटरी

इन्सुलिनला थंडावा लागतो आणि मुख्याध्यापकांना लेखी लागतं, या दोन गोष्टी चारुलता सबनीस यांना साधारण एकाच सुमारास कळल्या.

वाशीतल्या एका शाळेत त्या भूगोल शिकवायच्या आणि मुलींच्या गाइड पथकाच्या कॅप्टन होत्या. दर जानेवारीत खारघरच्या डोंगराच्या पायथ्याशी, गावाबाहेरच्या माळावर पथकाचं शिबिर असायचं. दोन रात्री, चार तंबू, बत्तीस मुली आणि एक शिट्टी. नऊ वर्षं ती शिट्टी चारुलताबाईंच्या गळ्यात होती. मग त्यांना मधुमेह निघाला, सकाळ-संध्याकाळ सुई सुरू झाली, आणि पुढची दोन शिबिरं शाळेतल्याच सरस्वतीबाईंनी घेतली. सरस्वतीबाईंना तंबूत झोप येत नसे. त्या दुसऱ्या कोणालाही येऊ देत नसत.

शहाऐंशीच्या डिसेंबरात मुख्याध्यापक दिनानाथ सरांनी चारुलताबाईंना आपल्या खोलीत बोलावलं. सर वाईट नव्हते. आपल्या कारकिर्दीत काही घडू नये एवढीच त्यांची इच्छा होती, मग ते चांगलं का असेना.

"बाई, पथक आता कायमचंच सरस्वतीबाईंकडे देऊन टाकतो. म्हणजे दर वर्षी तुम्हाला वाईट वाटायला नको."

"यंदा मी जाणार आहे, सर."

"आणि ते तुमचं औषध?"

"बरोबर नेईन. डॉक्टरांनी लिहूनच दिलंय, थंड जागी ठेवावे. जानेवारीत त्या माळावर दुसरी कसली जागा असते?"

सरांनी चिठ्ठी उजेडात धरून पाहिली. "थंड म्हणजे किती थंड, याचा यात उल्लेख नाही."

चिठ्ठी डॉक्टरांकडे परत गेली. बाहेर बाकावर वीस-पंचवीस पेशंट खोकत होते. डॉक्टरांनी 'थंड जागी' खोडलं, 'फ्रीजमध्ये' लिहिलं आणि घंटी वाजवली. चारुलताबाईंच्या नशिबाचा निकाल एवढ्या वेळात लागला. दुसऱ्या दिवशी सरांनी कागद टाइप करून आणला. औषध दोन्ही रात्री चालू फ्रीजमध्ये राहिलं तर पथक बाईंकडे. नाही राहिलं तर त्याच दिवशी घरी यायचं आणि शिट्टी ऑफिसात जमा करायची. माळावर विजेचा खांब नव्हता हे दोघांनाही ठाऊक होतं. चारुलताबाईंनी खाली सही केली, तारीख घातली आणि स्वतःसाठी एक प्रत मागून घेतली.

घरी त्यांच्याकडे दोन फ्रीज होते. एक स्वयंपाकघरात, सगळ्यांकडे असतो तसा. दुसरा हॉलमध्ये. तो धाकट्या भावाने, श्यामसुंदरने, मस्कतहून आणलेला. ट्रंकेएवढा, कडीचा, गाडीच्या बॅटरीवर चालणारा. सबनिसांकडे गाडी नव्हती. म्हणून त्यावर क्रोशाचं कव्हर घातलेलं होतं, कव्हरवर फुलदाणी होती, आणि आत लग्नाचा अल्बम. पाहुणे आले की नंदकिशोर सबनीस फुलदाणी उचलत, कव्हर काढत आणि म्हणत, "बारा व्होल्ट." पाहुणे मान डोलावत. मग कव्हर परत.

"अहो, हा मी शिबिराला नेणार आहे," चारुलताबाई म्हणाल्या.

"हा?" नंदकिशोरांनी पेपर खाली घेतला. "चारू, ही हॉलमधली वस्तू आहे."

"प्रवासात न्यायलाच केलीय ती."

"तिकडच्या लोकांच्या प्रवासात गं. आपल्या नाही."

पण नंदकिशोर सीबीडी बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत होते, आणि समोर प्रश्न आला की त्यांना कागद हातात घेतल्याशिवाय राहवत नसे. कचेरीच्याच एका फॉर्मच्या पाठीवर त्यांनी आकडे मांडले. फ्रीज किती वीज ओढतो, शिबिराचं सामान नेणाऱ्या पिकअपच्या बॅटरीत किती मावते, भागाकार. उत्तर आलं अकरा तास. "अकरा तासांनंतर फ्रीज थंड, गाडीही थंड," ते म्हणाले. "गाडी सुरूच होणार नाही. सकाळ-संध्याकाळ तासभर इंजिन चालवलं तर जमेल. पण त्याआधी हा प्लग. हा सिगारेट पेटवायच्या भोकात बसतो. तुझ्या त्या पिकअपला असलं भोक आहे का?"

शाळेचे तंबू आणि भांडी दर वर्षी बोनकोड्याच्या भगवान पाटलाच्या पिकअपमधून जायची. भगवान बिड्या ओढायचा आणि काडेपेटी कानामागे ठेवायचा. पिकअपला भोकं पुष्कळ होती, पण ती गंजाने पडलेली.

"मग प्लग कापायचा," चारुलताबाई म्हणाल्या.

"परदेशी प्लग आहे, चारू. एकदा कापला की—"

चारुलताबाईंनी पक्कड आणून कापला. नंदकिशोर खिडकीबाहेर बघत राहिले. कोपऱ्यावरच्या वायरमनने तारांच्या टोकांना बॅटरीला लावायचे दोन चिमटे बसवून दिले आणि अल्बम गोदरेजच्या कपाटात गेला.

भगवान बघायला आला. पन्नाशीचा, डोक्यावर लाल टोपी, बोलणं मोजकं. बोनेटमधल्या बॅटरीला चिमटे लावले तसा फ्रीज गुरगुरायला लागला. भगवानने वर हात ठेवून पाहिला.

"याच्यान मासली राहंल का वो, बाई?"

"औषध राहील. दोन रात्री ही वायर काढायची नाही, भगवानदादा. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला मी शिट्टी मारेन, तेव्हा तासभर इंजिन चालू करायचं."

"तुमी शिट्टी मारा, मी चालू करतो. त्यात काय हाय."

चारुलताबाईंनी त्याच्याकडून ते दोनदा म्हणून घेतलं. नववीच्या वर्गाचा अनुभव गाठीला होता.

शिबिराच्या पहिल्या दिवशी सगळं कागदावरच्यासारखं झालं. तंबू लागले, झेंडा चढला. फ्रीज पिकअपच्या हौद्यात, वायर केबिनच्या फुटक्या खिडकीतून बोनेटखाली. आत इन्सुलिनची बाटली आणि प्रयोगशाळेतून सही करून आणलेलं थर्मामीटर. चारुलताबाईंनी वहीत रकाने आखले होते. चार वाजता सतरा अंश. सहाला शिट्टी, इंजिन, अकरा अंश. मुलींना त्यांनी स्टोव्हवर उकळलेली काचेची सिरिंज दाखवली, स्वतःला सुई टोचली आणि विचारलं, "कोणाला चक्कर येतेय?" दोघींना आली. निजायच्या वेळी सात अंश होते. दोन शिबिरं चुकल्यावर त्या पुन्हा तंबूत आडव्या झाल्या आणि लगेच झोपल्या.

सकाळी पावणेसहाला त्या शिट्टी घेऊन पिकअपपाशी गेल्या. फ्रीज गप्प होता. झाकण उघडलं. पंधरा अंश.

वायर खिडकीतून व्यवस्थित बाहेर काढून, गुंडाळी करून हौद्यात ठेवलेली होती. दोन्ही चिमट्यांना चिंधी बांधली होती, धूळ लागू नये म्हणून. बोनेटखाली जिथे बॅटरी असायला हवी तिथे चौकोनी रिकामी जागा होती.

भगवान पिकअपच्या पलीकडे ताडपत्रीवर झोपला होता. डोक्याखाली गोणपाट, गोणपाटात बॅटरी.

"भगवानदादा."

तो उठून बसला, आणि पहिला हात गोणपाटावर गेला. जागेवर आहे असं बघून मग त्याने बाईंकडे पाहिलं.

"बॅटरी कोणी काढली?"

"मीच काढली. रोज काढतो." बाईंनी चिमट्याची सोडून आणलेली चिंधी पुढे धरली. बाईंच्या हातातली चिंधी त्याने ओळखली. "आयला."

"दोनदा कबूल केलं होतंत."

"वायर नाय काढायची असा बोल्लो होतो ना मी? वायर मना याद होती. पन हात कुठं इचारतो, बाई. पाना घेतला, खोलली, उशाला घेतली. सात वर्स झाली. तुरब्याला दोन बॅटऱ्या गेल्या माझ्या, गाडी हुभी तिथंच आनि बॅटरी गायब. तवापासून उशाला घेतल्याबिगर मना नीज नाय. घरची म्हनते, हिच्याशीच लगीन लाव."

"इथे कोण चोरणार आहे? बत्तीस मुली?"

भगवानने तंबूंकडे नजर टाकली. मुलींना तो पूर्णपणे निर्दोष मानत नव्हता.

चारुलताबाई जोत्यावर बसाव्यात तशा पिकअपच्या पायरीवर बसल्या. औषधाची त्यांना काळजी नव्हती. पंधरा अंशांत बाटलीला काही होत नाही, हे डॉक्टरांनी मागेच तोंडी सांगितलं होतं. फक्त तोंडी सांगितलेलं कागदात नव्हतं. कागदात चालू फ्रीज होता. अकरा वाजता सर पाहणीला येणार होते. वहीत सकाळच्या रकान्यात सात लिहिलं असतं तर कोणाला कळलं नसतं. त्यांनी पेन काढलं, पंधरा लिहिलं, आणि शेजारी लिहिलं: बंद. कारण: बॅटरी उशाला.

सर अकराला आले, स्वेटर आणि कानटोपीत, कचेरीतून रजा काढून आलेल्या नंदकिशोरांसोबत. फाट्यावर बसमधून उतरून दोघे चालत आले होते. सरांनी वही चष्म्याजवळ नेली.

"बॅटरी उशाला, हे कारण मी कधी वाचलं नव्हतं."

"खरं आहे म्हणून लिहिलं."

"मग आता काय उरलं, बाई? संध्याकाळच्या बसने माझ्याबरोबर चला. सरस्वतीबाईंना निरोप धाडतो."

"चारू," नंदकिशोर हळूच म्हणाले, "एक रात्र तर झाली ना."

"मी एका रात्रीसाठी नाही आले." त्या सरांकडे वळल्या. "सर, फ्रीज रात्री किती वाजता बंद पडला हे मला माहीत नाही. पण का पडला ते माहीत आहे. आज पडणार नाही. तुम्ही थांबा. उद्या सकाळी बंद दिसला तर शिट्टी तुमच्या हातात देते आणि चालत घरी जाते."

"मी? इथे?"

"तुम्ही नाही बघितलं तर लेखी कोण देणार?"

हे सरांना पटण्यासारखं होतं. त्यांनी बराच वेळ पटू दिलं नाही, तेवढ्यात संध्याकाळची बस गेली.

त्याआधी दुपारी इंजिन तासभर चाललं. सर पिकअपभोवती फिरत सूचना करत होते. नंदकिशोरांनी भगवानला समजावलं की बोनेटला कुलूप लावावं. भगवान म्हणाला, बोनेटच तारेनं बांधलेला हाय, कुलूप कोनाला लावू. सर म्हणाले, ड्रायव्हरने जागं राहावं. भगवान म्हणाला, मग सकालच्याला गाडी तुमी चालवा. शेवटी सरांनी त्याला शपथ घ्यायला सांगितली. भगवानने गळ्याला हात लावून, मनापासून शपथ घेतली.

"शपथ नको," चारुलताबाई म्हणाल्या. "आधी पण मनापासूनच कबूल केलं होतं त्यांनी. भगवानदादा, बॅटरी खुशाल काढा."

तिघेही त्यांच्याकडे बघायला लागले.

"रोजच्यासारखी काढा, उशाला घ्या. तुम्ही नेहमी झोपता तसेच झोपा. फ्रीज आम्ही तुमच्या उशाशी आणतो."

भगवानने यावर टोपी काढून डोकं खाजवलं. इतक्या वर्षांत त्याची ही सवय मोडायला निघालेले पुष्कळ भेटले होते. तिच्यासाठी जागा करून देणारं कोणी भेटलं नव्हतं. "गुरगुरंल ना तो कानाशी."

"गुरगुरला म्हणजे चालू आहे. गप्प झाला तर उठवा मला."

नंदकिशोरांनी लगेच खिशातून कागद काढला. बॅटरी गाडीत असो वा उशाला, भागाकार तोच. संध्याकाळचं इंजिन आठपर्यंत चालवायचं, मग काढायची. सकाळी सातपर्यंत पुरेल, असं त्यांनी सांगितलं, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "जेमतेम."

आठ मुलींनी फ्रीज उचलून ताडपत्रीवर आणला. भगवानने गोणपाट अंथरलं, बॅटरी ठेवली, चिमटे स्वतःच्या हाताने लावले आणि कागदी पुठ्ठा मध्ये घालून त्यावर डोकं टेकलं. तारा पायात येऊ नयेत म्हणून सरांनी शेजारी मागून घेतलेला बिछाना आडवा टाकला. खरं तर त्यांना तंबूतल्या मुलींच्या गोंगाटापासून लांब झोपायचं होतं, पण त्यांनी कारण तारांचं दिलं.

सकाळी शिट्टी वाजायच्या आधीच सर ताडपत्रीवर बसलेले होते, डोळे लाल. "रात्रभर गुरगुरत होता," ते म्हणाले.

"फ्रीज?"

"दोघेही."

चारुलताबाईंनी झाकण उघडलं. सहा अंश. थर्मामीटर त्यांनी सरांच्या हातात दिलं. सरांनी ते वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आणि वहीत स्वतःच्या अक्षरात आकडा लिहून खाली लांबलचक सही केली. पहिल्या रात्रीचं काय, असं ते म्हणू शकले असते. त्यांनी वही आधीच्या पानावर उलटलीदेखील. 'बंद' या शब्दावर त्यांचं बोट थोडा वेळ टेकून राहिलं.

"हे तुम्ही लिहिलं नसतं तर मला कळलं नसतं."

"नसतं कळलं."

सरांनी वही मिटून त्यांना परत दिली.

बॅटरी गाडीत परत बसली, पण तिच्यात काही उरलं नव्हतं. भगवानने किल्ली फिरवली, पिकअपने एक सुस्कारा टाकला. मग बत्तीस मुली, नंदकिशोर आणि दिनानाथ सर मागून ढकलायला लागले. चारुलताबाई बाजूला उभ्या राहून शिट्टीवर ताल देत होत्या. माळ उताराचा होता तिथे इंजिन सुरू झालं, आणि सर धुरात एकटेच पुढे पळत गेले.

परत आले तेव्हा धाप लागली होती. "पुढच्या वर्षी," ते म्हणाले, आणि श्वास घ्यायला थांबले, "पुढच्या वर्षी या कागदात थोडी दुरुस्ती करू, बाई. बॅटरीसंबंधी एक कलम घालू."

"घाला, सर," चारुलताबाई म्हणाल्या. "आणि दोनच्या जागी तीन रात्री टाइप करा."