सोयऱ्याची जमीन आणि निळी रेषा

भाजी पिकवणारा माणूस जमीन बघायला गेला की आधी वाकतो. मूठभर माती उचलतो, दाबतो, नाकाशी नेतो आणि मगच भाव विचारतो. शेलूबाजारजवळ वांगी-मेथी पिकवणाऱ्या भागवतनेही तेच केलं. फरक एवढाच, की त्याला तिथे वांगी लावायची नव्हती, घर बांधायचं होतं!

घराची गरज खरीच होती. दोन खोल्यांत भागवत, बायको राखी, दोन लहान लेकी आणि आई चतुराबाई. पाहुणा आला की कुणीतरी ओसरीत झोपायचं, आणि ओसरीत आधीच कांद्याच्या पोत्यांचा मुक्काम. अशात त्याच्या धाकट्या बहिणीच्या, पल्लवीच्या सासऱ्यांनी शेलूबाजारजवळच्या आपल्या नदीकाठच्या जमिनीतला तुकडा देऊ केला, तेव्हा भागवतला आभाळ ठेंगणं झालं. शिरपूरचे हिरालाल म्हणजे सरळ माणूस. भाव वाजवी. आणि माती? काळीभोर, लोण्यासारखी मऊ, गाळाची!

"गुरुवारी विसार देऊन टाकतो," भागवत जेवताना म्हणाला. "असा तुकडा पुन्हा नाई भेटत."

राखी भाकरी वाढता वाढता थांबली. "मले एक सांगा. थो गाळ तिथं आनला कोनं?"

"कोनं म्हंजे? नदीनं."

"मंग गाळ आहे तिथवर नदी येऊन गेली असंन ना? आपल्याले तिथं मेथी लावाची हाय, का पोरी निजवाच्या हायेत?"

भागवतचा घास हातातच राहिला. पण लगेच कबूल करेल तो नवरा कसला! "हिरालाल मामाजी म्हनले, त्यायनं जमीन घेतल्यापासून पानी वर चढलंच नाई."

"त्यायनं जमीन घेऊन झाले धा-बारा वर्सं. नदी काय त्यायच्यासंगं आली का इथं?" राखीने भाकरी ताटात ठेवली. "सरकारनं पुराच्या रेघा आखल्या हायेत. बचत गटाच्या मीटिंगमंदी सांगतलं होतं. वाशिमच्या पाटबंधारे हापिसात नकाशा राह्यते. गट नंबर घेऊन जाऊ आन पाहून येऊ."

"सोयऱ्याच्या जमिनीची हापिसात चौकशी करू? मामाजी म्हंतीन, माह्या शबदावर भरवसा नाई का? मंग सासरी टोमने कोन ऐकंन? माही बहीन!"

वाचकहो, भागवतला हसू नका. अनोळखी माणसाची जमीन घेताना आपण सातबारा उलटासुलटा करून पाहतो, आणि सोयऱ्याची घेताना चहा पिऊन 'ठरलं' म्हणतो. विचारलं म्हणजे अविश्वास दाखवला, असं आपण धरूनच चालतो. पल्लवीच्या लग्नापासून या दोन घरांत कुणी कुणाला साधा कागद मागितला नव्हता, आणि दोन्हीकडची माणसं हे मोठ्या अभिमानाने सांगत.

"दवाखान्यात रगत तपासते, तं डाक्टर आपल्यावर शक घेते का?" राखी म्हणाली. "मामाजी लबाड नाईत. मी मामाजीले नाई विचारून राह्यली, नदीले विचारून राह्यली!"

शेजारी जेवत असलेल्या चतुराबाईंनी निकाल दिला. "सून बराबर बोलून राह्यली, भागवत. पोरी पयले, मानपान मंग."

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको वाशिमला गेले. कार्यालयात उज्ज्वला नावाच्या इंजिनिअर मॅडम होत्या. त्यांनी नकाशा टेबलावर पसरला, गट नंबर शोधला आणि त्यावर बोट ठेवलं.

"ही निळी रेषा. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येतो तसा पूर इथपर्यंत पोचतो. तिच्या आत घर बांधायला मनाई आहे. त्यापलीकडची लाल रेषा त्याहून मोठ्या पुराची. या दोन रेषांमध्ये बांधायचं तर कडक अटी आहेत. तुमचा गट सगळाच निळ्या रेषेच्या आत येतो."

"म्हंजे पंचवीस वर्सं तं पूर नाई येनार ना, मॅडम?" भागवतने शेवटची काडी धरून पाहिली.

"उद्याही येऊ शकतो, दादा. पूर कुठवर येईल ते रेषा सांगते, कधी येईल ते नाही. अर्ज देऊन जा, लेखी उत्तर मिळेल. आणि सगळ्या नद्यांच्या रेषा अजून आखलेल्या नाहीत. नकाशात रेषा नाही म्हणून पूर येत नाही, असं कुणी समजू नये. तिथे गावातल्या जुन्या माणसांना विचारायचं."

भागवत बाहेर आला तो घाम पुसत. लेकी वाचल्या या विचाराने जीव भांड्यात पडला होता, आणि आता शिरपूरला जाऊन काय तोंड दाखवायचं या विचाराने तोच जीव टांगणीला लागला होता. तरी दोघं तिथून थेट शिरपूरला गेले.

हिरालालच्या बायकोने, कस्तुराबाईंनी चहा दिला. पल्लवी दाराशी उभी होती. भागवतने खाली मान घालून सगळं सांगून टाकलं.

हिरालालने कप खाली ठेवला. "आमाले न सांगता हापिसात गेलते तुमी?"

"हो जी, मामाजी. चुकलं असंन तं माह्यावर राग काढा. पल्लवीले काई बोलू नका."

पल्लवीचे डोळे भरून आले.

"भागवतराव, फक्त तुमचाच तुकडा त्या निळ्या रेघीत हाय, का माह्याकडं उरला थोबी?" हिरालालने विचारलं.

"दोन्ही, जी. पुरा गटच आत हाय."

हिरालाल ताडकन उठले. "मुकेश! अरे मुकेश, मिस्त्रीले फोन लाव! पाया खोदू नको म्हनाव!"

भागवत बघतच राहिला. मुकेश म्हणजे हिरालालचा मुलगा, पल्लवीचा नवरा. त्याचं दुकान शेलूबाजारला, तिथून तो नुकताच घरी आला होता. रोजचं जाणं-येणं वाचावं म्हणून उरलेल्या तुकड्यावर मुलासुनेसाठी घर बांधायचं हिरालालने ठरवलं होतं. भावाबहिणीची घरं शेजारी-शेजारी! पल्लवीला मुद्दाम सांगितलं नव्हतं, आणि सोमवारी पाया खोदायचा होता.

"देवा रे!" कस्तुराबाईंनी कपाळाला हात लावला. "आपल्या हातानं पोरासुनेले पुरात बसवत होतो आपन!"

हिरालालने भागवतचे दोन्ही हात धरले. "राग कायचा, भागवतराव? मी सोता कवाच विचारलं नाई, याची लाज वाटून राह्यली मले. आता दोघं मिळून दुसरी जागा पाहू. आधी नकाशा, मंग विसार!"

पल्लवी रडता रडता हसली. राखीने तिला जवळ घेतलं. भागवतला इतकं हलकं वाटलं, की समोरचा गार झालेला चहा त्याने एका घोटात संपवला आणि आणखी मागितला.

म्हणून वाचकहो, घर बांधण्याआधी पूररेषेचा नकाशा बघा. विकणारा सख्खा भाऊ असला तरी बघा. आणि विकणारे तुम्ही असाल, तर घेणाऱ्याला स्वतः हाताला धरून कार्यालयात न्या. ज्या बहिणीचा मान सांभाळायला भागवत गप्प बसणार होता, तो गप्प बसला असता तर तीच बहीण नदीच्या वाटेत राहायला गेली असती!