सत्ताविसावी

पत्रक हातात पडलं तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात बसून बाक्सो, मांसाच्या गोळ्यांचं गरम सूप, खात होते. वाटीतली वाफ चष्म्यावर जमली, म्हणून मथळा दोनदा वाचावा लागला. ‘उपयोजित गणित की संख्याशास्त्र? पदवी निवडताना.’ खाली बापाक विर्यावान, म्हणजे विर्यावान सर, कॉलेजातले आमचे विभागप्रमुख, हाताची घडी घालून हसत होते. त्यांच्या कोपरापाशी जाड अक्षरांत छापलं होतं : ‘उपयोजित गणिताचे दोन वर्षांपूर्वीच्या तुकडीतले सत्तावीस पदवीधर. नोकरीसाठी सरासरी प्रतीक्षा फक्त २.३५ महिने!’

मी चमचा खाली ठेवला.

विभाग पदवीधरांकडून जो फॉर्म भरून घेतो, त्यावर महिने पूर्णांकातच लिहायचे असतात. म्हणजे सत्तावीस जणांची बेरीजही पूर्णांकच येणार. त्रेसष्टला सत्ताविसाने भागलं तर २.३३. चौसष्टला भागलं तर २.३७. मधे काहीच नाही. २.३५ येणं शक्यच नव्हतं.

मग मी सव्वीसने भागून पाहिलं. एकसष्ट भागिले सव्वीस, २.३५. एक फॉर्म आलेला नव्हता. तो कोणाचा, हे मला माहीत होतं, कारण तो माझ्या पिशवीत होता. विभागातली सहायक किनासीह हिने मला पाच वेळा आठवण केली होती. मी पाचही वेळा ‘पाठवते’ म्हणाले आणि पाठवला नाही. बापाक विर्यावान यांना मी माझा एकही आकडा देणार नव्हते.

याचं कारण तिसऱ्या सत्रातलं आहे. आमच्याकडे तीन सत्रं सगळे एकत्र शिकतात, मग एक मंडळ ठरवतं की कोण संख्याशास्त्रात जाणार आणि कोण उपयोजित गणितात. संख्याशास्त्राच्या जागा वीस. मला तीच पदवी हवी होती. मला दारं ठोठावायला आवडायचं, माणसं काय सांगतात आणि काय लपवतात ते मोजायला आवडायचं. निवडीसाठी मी मलांग शहरातल्या एका गल्लीचं सर्वेक्षण केलं होतं. घरं चोवीस, घरटी माणसं सरासरी ३.३९.

मंडळाचे अध्यक्ष बापाक विर्यावान. त्यांनी माझ्या हातात खडू दिला. "चोवीसने भागून ३.३९ आणून दाखवा, म्बाक वेनिंग." म्बाक म्हणजे ताई.

येईना. एक्याऐंशीला ३.३८, ब्याऐंशीला ३.४२.

"घरी बसून भरलेत ना आकडे?"

"नाही, बापाक. एक घर बंद होतं. ईदला गावी गेली होती माणसं. तेवीसच घरांची उत्तरं आहेत, खाली टीप दिलीय."

"टीप म्हणजे पळवाट," ते म्हणाले. पाठीमागे कोणीतरी हसलं. मी फळ्यापाशी अकरा मिनिटं उभी होते. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. कागदाचा तळ त्यांनी शेवटपर्यंत पाहिला नाही. माझ्या नावापुढे ‘बनावट माहिती’ असा शेरा पडला आणि मी उपयोजित गणितात गेले.

आता त्यांनीच मला बोलावलं होतं, बारावीच्या मुलांसमोर आणि पालकांसमोर ‘यशस्वी माजी विद्यार्थिनी’ म्हणून बोलायला. मी लगेच हो म्हटलं.

सभागृह भरलेलं होतं. प्रत्येकाच्या मांडीवर खाऊचा खोका, खोक्यात लेम्पर, म्हणजे केळीच्या पानातला चिकट भात, आणि पाण्याचा पेला. पहिल्या रांगेत विभागाचा दर्जा ठरवणाऱ्या मानांकन समितीच्या दोन बाई वह्या उघडून बसल्या होत्या. त्या येणार हे मला ठाऊक होतं.

बापाकनी माझी ओळख करून दिली. "ही आमची म्बाक वेनिंग. हिच्यासारखे सत्तावीस! तुम्हीच विचारा तिला, नोकरीसाठी कोणाला थांबावं लागलं का."

"त्याआधी एक लहानशी शंका, बापाक," मी माईक हातात घेत म्हणाले आणि त्यांच्यापुढे फळ्याचा मार्कर धरला. "सत्ताविसाने भागून २.३५ आणून दाखवता का?"

ते हसले. "एवढंच? अहो, ही मुलं घाबरतील अशाने."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहा वाजून वीस मिनिटं.

त्यांनी फळ्यावर त्रेसष्ट लिहिलं, भागलं, पुसलं. चौसष्ट लिहिलं. पुन्हा पुसलं. मग पुन्हा त्रेसष्ट. मागच्या एका बाई नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, गणिताच्या प्रमुखालाच भागाकार येईना!" तिथे खसखस पिकली. समितीतल्या एका बाईने वहीत काहीतरी लिहिलं. बापाकच्या बाटिक शर्टाची पाठ ओली होत गेली आणि मी ती शांतपणे पाहत राहिले. अकरा मिनिटं होईपर्यंत मी तोंड उघडणार नव्हते.

चार मिनिटं झाली होती. बापाक गर्रकन वळले.

"किनासीह! काय छापलंस हे?"

दाराशी खोके मोजत उभी असलेली किनासीह पांढरी पडली. तिची नोकरी वर्षावर्षाच्या करारावर होती.

"मी तक्ता दिला होता, बापाक. पत्रकातलं वाक्य तुमचं... तक्त्याखाली टीप होती."

"टीप म्हणजे पळवाट!" ते गरजले. "उद्या ऑफिसात ये, बघतो तुझं."

हे वाक्य मला त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकायचं होतं. पण ते मलाच ऐकवलं जावं, अशी माझी कल्पना होती. किनासीह आता तेच खोके पुन्हा पहिल्यापासून मोजत होती. गप्प राहिले असते तर उरलेली सात मिनिटं मला मिळाली असती, आणि तिची नोकरी गेली असती.

"किनासीह, ती टीप वाच गं," मी म्हणाले. "मोठ्याने."

तिने फोनवर तक्ता काढला. "सव्वीस जणांच्या उत्तरांवरून. एक उत्तर आलेलं नाही."

"ते माझं." मी पिशवीतून फॉर्म काढला आणि टेबलावर ठेवून सगळ्यांसमोर भरला. "प्रतीक्षा : चौदा महिने. संख्याशास्त्राचं काम हवं होतं आणि पदवी दुसरीच हातात होती, म्हणून. आता बेरीज पंच्याहत्तर, सरासरी २.७८. पत्रकं पुन्हा छापावी लागतील, बापाक." पुढचा प्रश्न होता, ‘शाखा तुमच्या पसंतीची होती का?’ मी ‘नाही’वर खूण केली आणि फॉर्म त्यांच्या हातात न देता समितीच्या बाईंना दिला.

बापाक माझ्याजवळ आले. मग हळू आवाजात, माझ्या माईकपासून तोंड वळवून म्हणाले, "त्या गल्लीत... तेवीसच घरांची उत्तरं होती?"

"तळाशी लिहिलं होतं."

खुर्चीत बसताना त्यांनी मार्करचं टोपण दोनदा चुकीच्या टोकाला लावलं.

तिसऱ्या रांगेत एका मुलीने हात वर केला. "म्बाक, मग मी कोणती पदवी घेऊ?"

"संख्याशास्त्र घे," मी म्हणाले. "आणि हे प्रमुख असेपर्यंत टीप वरच लिहीत जा. मथळ्यात."

सभागृह हसलं. समितीतल्या बाईसुद्धा हसल्या. घड्याळात दहा सत्तावीस झाले होते. म्हणजे फळ्यापाशी त्यांची चार मिनिटं आणि मग माझी तीन. अकराला अजून चार कमी होती.

मी माईक खाली ठेवला नाही.